डब्याची हाक

तोफखाने हे त्याचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव केंद्रात फक्त हजेरी घेताना उच्चारलं जायचं, आणि तेव्हा तोच मागे वळून बघायचा, की हा कोण नवा गडी आला. नदीवरचे पाणकावळे हाकलायला गॅसची तोफ आली, ती चालवायला हा आला, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "ओ तोफखाने, चहा झालाय!" झालं. तेव्हापासून तो तोफखाने. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो तोफखाने, जरा हळू बोला, भिंती पडतील."

हळू बोलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने दगडाच्या खाणीत सुरुंग लावण्यात घालवली होती. उजवा कान तिथेच राहिला. डाव्या कानाने तो फक्त बायकोचं ऐकतो असं लोक म्हणत. बायकोचं म्हणणं, तेवढंही नाही. खाण बंद पडली तेव्हा त्याच्यापाशी एकच कला उरली होती, आवाज करायची. आता अशी कला जगात कुणाला हवी असते? पण नदीकाठच्या मत्स्यबीज केंद्राला नेमकी तीच हवी होती.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराखाली सिमेंटच्या टाक्यांची रांग, मोटारीची घरघर आणि कपड्यांतून कधीच न जाणारा ओला वास. तिथे एकच मासळी वाढवत, ठिपकी. दिसायला काही मोठी रूपवती नव्हे. अंग मातकट, कल्ल्यामागे एक काळा ठिपका, संपलं कौतुक. पण ती फक्त याच नदीत होती. जुन्या पुलाखालच्या डोहात राहायची आणि डोहाच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यातल्या बारीक गोट्यांत अंडी घालायची. टाकीत कितीही लाडाने ठेवा, ही बया आपणहून अंडं घालणार नाही. म्हणून नदीतून अंड्यांवर आलेल्या थोराड माद्या धरून आणायच्या, अंडी काढून घ्यायची, पिल्लं वाढवायची, ती बोटभर झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं आणि डोहात सोडून द्यायचं. पुढे त्यांचं नशीब.

नशिबात पाणकावळे होते. खालच्या अंगाच्या मासेवाल्यांनी आपापल्या तळ्यांवर जाळ्या ताणल्या आणि तिकडची सगळी उपाशी पाखरं वर डोहावर आली. रांग धरून बुड्या मारायची, पोट भरलं की खडकावर पंख पसरून वाळत बसायची, धुणं घातल्यासारखी. तोफखाने त्यांना दिवसभर शिव्या घालायचा, पण मनातून त्याला त्यांचं कौतुकही होतं. "असली कामसू माणसं आपल्या केंद्रात हवीत," असं तो चहाच्या वेळी ऐकवायचा, आणि मग कुणी त्याला बिस्कीट द्यायचं नाही.

गोळी घालायला बंदी होती. केंद्राच्या मॅडम वयाने त्याच्या लेकीएवढ्या, बोलायला कमी. त्यांनी त्याला समजावून सांगितलं होतं, "एक मारला तर त्याच्या जागेवर दुसरा येतो, दादा. इथे थांबून फायदा नाही, असं त्यांनाच वाटलं पाहिजे." म्हणून डोहाच्या तळाशी काटेरी फांद्यांचे भारे दगड बांधून बुडवले होते. त्यांत ठिपकीला लपता येईल आणि पाणकावळ्याला शिरता येणार नाही, असा हिशेब. आणि वरून तोफखान्याचा आवाज.

त्याच्या मागोमाग बायकोही केंद्रात लागली, टाक्या धुवायला आणि मासळीला खायला घालायला. तिला सगळे वहिनी म्हणत, मॅडमसुद्धा. वहिनींची एक रीत होती. तेलाचा रिकामा पिवळा डबा टाकीच्या काठावर ठेवायचा आणि पळीच्या दांड्याने वाजवायचा. ठण ठण ठण. मग थोडं थांबायचं. "या गं बायांनो, जेवायला या." टाकीभर काळे ठिपके वर यायचे, तोंडं उघडी. मग वहिनी मूठमूठ खाद्य टाकायच्या.

मॅडमनी असं करू नका म्हणून सांगितलं होतं. पडद्याआडून, आवाज न करता खायला घाला, त्यांना माणसाची सवय लावू नका. वहिनींनी पडदा लावला, आणि मॅडम शेडमध्ये असल्या की खायला पडद्याआडूनच घालायच्या. मॅडमची पाठ वळली की पडदा एका बाजूला आणि डबा हातात. डबा वाजला की सगळ्या एकदम येतात, दुबळीच्याही पोटात चार कण जातात, हे वहिनींचं कारण. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं, की त्यांना त्या तोंडांची सवय झाली होती. लेक फोनवर म्हणायची, "आई, मला कधी एवढ्या मायेने जेवायला हाक मारली नाहीस." वहिनी म्हणायच्या, "तू पहिल्या हाकेला आलीस कधी?"

तोफेचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पहिल्या हंगामात ती गरजली की आभाळ काळं व्हायचं. दुसऱ्या हंगामात पाणकावळे नुसती मान वळवायचे. बुजगावणं उभं केलं, तर एक पाणकावळा त्याच्या टोपीवर पंख वाळवत बसला. आणि ऐन गर्दीच्या दिवसांत तोफेची ठिणगीच पडेना. तोफखाने शेडमध्ये येऊन तोफेला लाथा घालत होता. वहिनी टाकी घासत होत्या. त्यांनी फळीवरचा दुसरा पिवळा डबा काढला, जोडीतलाच.

"हा घ्या. याचा आवाज लांबवर जातो."

"पाखरं डब्याला भिणार?"

"मासळी ऐकते, तर पाखरं ऐकणार नाहीत?"

यात दोघांनाही काही वावगं दिसलं नाही. वाचणाऱ्याला दिसलं असेल तर त्याने शहाणपण मिरवू नये. बाहेर उभं राहून सगळ्यांनाच दिसतं.

डबा चालला. पाणकावळे घाबरून पार वळणापलीकडे जायचे. तोफखाने खूश. डोळ्यांत तेल घालून तो काठावर बसायचा आणि एक उतरला की डब्यावर तुटून पडायचा. पण थोड्याच दिवसांत पाखरं निर्लज्ज झाली. उडायची, वळणावरच्या झाडांवर टेकायची, आणि पुन्हा डोहावर. तो आणखी जोरात वाजवायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

पाणी उतरल्यावर अंडी घालायला ठिपक्या गोट्यांवर येत, तेव्हा मॅडम त्या मोजत. त्या वर्षी मोजायला फारसं काही नव्हतं. मॅडम काठावर बसून राहिल्या. "भारे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "आत पाणकावळा शिरूच शकत नाही. मग आतली मासळी जाते कुठे?" त्यात केंद्रातल्या थोराड माद्या कल्ल्यांच्या रोगाने गेल्या. शेवटच्या अंड्यांची पिल्लं तेवढी टाकीत होती आणि डोहात जे काय उरलं असेल ते. एवढ्यावर ठिपकी टिकली तर टिकली, नाहीतर नावापुरती राहणार. तोफखान्याने जिवाचं रान करायचं ठरवलं. म्हणजे आणखी वाजवायचं.

एके सकाळी काठाची पायवाट खचली, म्हणून तो पुलावर गेला. काठावरून डोह म्हणजे नुसता चकाकता पत्रा, आतलं काही दिसत नाही. पुलावरून, ऊन पाठीशी असलं की, तळ दिसतो. भारे दिसत होते. खडकांवर पाणकावळे होते. त्याने डबा कठड्यावर ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. पाखरं उडाली, झाडांवर जाऊन बसली.

आणि भाऱ्यातून एक तोंड बाहेर आलं.

मग दुसरं. मग इकडून, तिकडून, काट्यांमधून अंग चोरत ठिपक्या सुटल्या आणि सरळ वर, त्याच्या दिशेने येऊ लागल्या. क्षणभर त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच ओरडला, "आहेत! अगं, आहेत की!" कित्येक महिन्यांत त्याने नदीतली ठिपकी पाहिली नव्हती. त्या पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन, तोंडं उघडून थांबल्या. टाकीत थांबतात तशा.

झाडांवरून पाणकावळे निघाले. त्यांना घाई नव्हती. जेवणाची घंटा झाल्यावर माणसं उठतात, तसे ते निघाले.

तोफखान्याने तेच केलं जे तो इतके दिवस करत आला होता. तो जिवाच्या आकांताने डबा बडवू लागला. जितका जोरात तो बडवी, तितक्या आणखी ठिपक्या भाऱ्यांतून बाहेर येत. पाणी काळं झालं, ढवळलं, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हात तसाच वर राहिला. डबा थांबला. पण बायकोच्या रीतीत डबा थांबला की खाद्य पडतं, म्हणून त्या हलल्याच नाहीत. तो ओरडला. दगड उचलून फेकू लागला. दगड पाण्यात टपटप पडले आणि ठिपक्या दगडांकडेच धावल्या. त्याने पायातल्या चपला फेकल्या, त्यांच्याकडेही धावल्या. शेवटी तो कठडा धरून नुसता बघत राहिला, कारण करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

एका पाणकावळ्याच्या चोचीतून निसटलेली ठिपकी काठावर पडली होती. ती त्याने रुमालात बांधली आणि अनवाणी परत आला.

त्या दिवशी तो जेवला नाही. वहिनींनी ताट वाढलं, विचारलं, "चपला कुठायत?" तो म्हणाला, "गेल्या." "आणि तोंड असं का?" "काही नाही." सांगायचं कसं? ही बाई मासळीशी लेकीसारखं बोलते. तिला सांगायचं, की तुझ्या हाकेने त्या मरायला आल्या, आणि हाक मी मारली? तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला वाटलं, आपले दोन्ही कान गेले असते तर बरं झालं असतं. खाणीत माणसं मेलेली त्याने पाहिली होती, पण सुरुंगापाशी हाक मारून कुणाला कधी बोलावलं नव्हतं.

सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा वहिनींनी पळी उचलली होती. त्याने तिचं मनगट धरलं.

"अहो, सोडा! भुकेल्यात त्या."

"वाजवू नकोस."

"का?"

मग त्याने सांगितलं. सगळं, चपलांपर्यंत. वहिनी टाकीच्या काठावर बसल्या. टाकीत ठिपक्या घिरट्या घालत होत्या, हाकेची वाट बघत.

"म्हणजे मी हाकेला यायला शिकवलं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही बोलावलंत."

"मला काय ठाऊक?"

"इतके दिवस? उजवा कान गेला होता, डोळे होते ना? काठावर बसून काय बघत होतात?"

"डबा कुणी दिला मला? 'याचा आवाज लांबवर जातो' म्हणे! मॅडम बजावून सांगत होत्या तेव्हा ऐकलंस? तुला लाड हवे होते. तुझ्या लाडापायी मेल्या त्या!"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पळी डब्यात ठेवली, डबा उचलला आणि मॅडमच्या खोलीकडे चालू लागल्या. तो मागून गेला. चोरी करताना पकडल्या गेलेल्या पोरांसारखी ती दोघं टेबलापुढे उभी राहिली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "मी सांगितलं होतं," एवढं त्यांना सहज म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यामुळे दोघांना जास्तच लागलं. नंतर त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. पडदा का लावायचा ते मी सांगितलंच नाही. नुसता हुकूम दिला."

"टाकीतल्या सोडूच नका, मॅडम," तोफखाने म्हणाला. "इथेच राहू देत. इथे मरणार तर नाहीत."

"इथे यांच्या पोटात अंडी धरणारच नाहीत, दादा. इथे फक्त म्हाताऱ्या होतील."

"मग मी डबा वाजवणं बंद करतो."

"मग पाणकावळे दिवसभर डोहात. आणि नुसता डबाच कशाला? पुलावरून कुणी बादली आपटली, रिकामा टेम्पो खडखडत गेला, तरी त्या वर येतील." मॅडमनी डबा आपल्याकडे ओढला. "त्यांना त्या आवाजाला भ्यायला शिकवावं लागेल. सोडायच्या आधी."

माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, ते खरं आहे. भ्यायला मात्र शिकवावं लागतं, निदान ज्याला लाडाने वाढवलंय त्याला. रीत मॅडमनी सांगितली. डबा वाजवायचा, ठिपक्या वर आल्या की पाण्यात पाणकावळ्यासारखं काहीतरी खुपसायचं, आणि त्याच वेळी मेलेल्या ठिपकीच्या खरवडलेल्या कातडीचं पाणी ओतायचं. आपल्यातल्या कुणाचं तरी अंग फाटलंय, हे मासळीला त्या वासावरून कळतं. तोफखान्याने खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"छत्री चालेल?" त्याने विचारलं. घरी एक जुनी काळी छत्री होती, टोकाला लोखंडी अणी.

"चालेल. पण करणार कोण?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हाकेला भुलल्यात. मीच ती सवय मोडते."

पहिल्या दिवशी वहिनींनी डबा वाजवला. ठण ठण ठण. जिभेवर आलेलं "या गं" त्यांनी दातांखाली धरलं. टाकीभर तोंडं वर आली, रोजच्यासारखी, विश्वासाने. छत्री त्यांच्या हातात होती. ती खाली जाईना. "मार," तोफखाने म्हणाला. "अगं, मार ना!" आणि मग त्यांनी ती खुपसली, उघडली, मिटली, पुन्हा खुपसली. त्याने कातडीचं पाणी ओतलं. ठिपक्या फुटल्यासारख्या चहूकडे पळाल्या, भिंतींवर आपटल्या, तळाशी एकमेकींत शिरल्या. वहिनींच्या तोंडून आवाज निघाला तो त्याला डाव्या कानाने नीट ऐकू आला, आणि तो पुढे कधी विसरला नाही.

थोड्या वेळाने डबा पुन्हा वाजवला. त्या पुन्हा आल्या.

हेच सगळ्यांत वाईट होतं. पुन्हा आल्या. इतकं होऊनही तो आवाज अजून जेवणाचाच होता. रोज तेच चाललं. खायला पडद्याआडून, गुपचूप, आणि डबा वाजला की छत्री. वहिनी घरी येऊन हात धूत राहायच्या, तरी वास जायचा नाही. नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. एकदा जेवताना त्याने चुकून पळी पातेल्यावर आपटली, तर त्या ताटावरून उठून गेल्या.

हळूहळू वर येणाऱ्या कमी झाल्या. मग एके दिवशी डबा वाजला आणि टाकी स्वच्छ. सगळ्या तळाशी. फक्त एक आली. शेपूट जन्मतः वाकडं, अंगाने दुबळी, हिच्यासाठीच वहिनी आधी डबा वाजवत असत. छत्री पडली, ती पळाली, डबा वाजला, ती परत आली. "नको गं," वहिनी म्हणाल्या. "नको येऊस, बाई. कुणी बोलावत नाहीये तुला." पण वाकडी येतच राहिली.

सोडण्याच्या दिवशी मॅडमनी वाकडीला वगळलं. बाकीच्या पिंपांत भरून पुलाखाली नेल्या. पिंपं हळूच पाण्यात कलती केली. ठिपक्या निघाल्या आणि कुणाकडे न बघता भाऱ्यांत नाहीशा झाल्या. वहिनींना त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांचा आवाजही तिथे नको होता.

आता एकच काम उरलं होतं. पाणकावळे खडकांवर जमलेच होते, आणि कधीतरी डबा वाजवावा लागणारच होता. दोन दिवस तोफखान्याचा हात धजला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याच्यासोबत पुलावर आल्या. ऊन पाठीशी होतं. त्याने डबा कठड्यावर ठेवला, बायकोकडे बघितलं आणि वाजवला. पाखरं उडाली, वळणावरच्या झाडांवर बसली, आणि वाट बघू लागली.

"आलं का कुणी?" वहिनींनी विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"नाही."

"नीट बघा."

"बघतोय गं. एकही नाही."

वहिनींनी डोळे उघडले. तळ दिसत होता, भारे दिसत होते, भाऱ्यांवरचं शेवाळ हलत होतं. बाकी काही नाही. झाडांवरचे पाणकावळे चुळबुळले, आणि काही वेळाने त्यांतले दोन कंटाळून खालच्या अंगाला निघून गेले. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. तोफखान्याने कठडा घट्ट धरला. त्या भ्यायला शिकल्या असतील तर डोह असाच दिसणार, आणि एकही उरली नसेल तरीही असाच. भाऱ्यांत जाळं जात नाही, म्हणजे धरून बघायचीही सोय नाही. गोट्यांवर येण्याइतक्या थोराड व्हायला त्यांना दोन पावसाळे लागणार. तोवर नक्की जिवंत म्हणता येईल अशी ठिपकी जगात एकच होती, टाकीतली, काहीही न शिकलेली.

"असतील ना हो?" वहिनी म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्यांनी त्याला कामाव्यतिरिक्त विचारलेली ही पहिली गोष्ट होती.

"असतील," तो म्हणाला. एरवी त्याचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. आज तिला जवळ सरकावं लागलं.

कुणी वर येऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि एक, फक्त एक काळा ठिपका क्षणभर दिसावा, यासाठी त्याचा जीव तुटत होता. बायकोकडे न बघताही त्याला कळलं, की तिचंही तेच चाललंय.

"आणखी एकदा वाजवा," ती म्हणाली.

त्याने पळी उचलली आणि डबा वाजवला. मग दोघंही कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघत राहिले.